पुण्याची पलभा चार अंगुळं

पहिली सूचना: मोबाइल घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे वाट विचारायची ती माणसाला, आणि उत्तर येणार ते कोसांत.

दुसरी सूचना: या प्रवासात ज्यांची नावं घेईन ती माणसं खरी आणि त्यांची सालंही खरी. बिननावाचे कारकून, जोशी, मदतनीस भेटतील ते माझे. त्यांच्या तोंडचं ज्ञान मात्र त्या काळाचंच आहे. जुन्या नकाशांच्या आणि पृथ्वीगोलांच्या नादी लागलेल्या मंडळींचा मेळावा भरवायचाच असेल, तर मला याहून चांगली जागा सुचत नाही. इथे हौस म्हणून कोणी आलेलं नाही. ज्याला त्याला नकाशा कशासाठी तरी हवा आहे.

सन १७९२, शके १७१४, कार्तिक महिना. तुम्ही संगमावर उभे आहात. उजवीकडून मुठा येतेय, डावीकडून मुळा. इंजिनिअरिंग कॉलेज नाही, रेल्वेचा पूल नाही, वरच्या अंगाला धरण नाही, त्यामुळे पावसाळा सरला तरी पाण्याला ओढ आहे. मागे झाडीत इंग्रज वकिलाचे बंगले दिसतात. चार्ल्स मॅलेट १७८६ च्या मार्चपासून पेशव्यांच्या दरबारी आहे. टिपूविरुद्धचा तह दोन वर्षांपूर्वी, १ जून १७९० ला, पुण्यातच झाला. ती लढाई या वर्षी आटोपली. महादजी शिंदे यंदाच उत्तरेतून आलेत, त्यांची छावणी वानवडीला आहे. गावात बाहेरचं माणूस एवढं आहे की तुमच्या अंगरख्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पागोटं तेवढं नीट बांधा.

बंगल्यात चला. मोठं टेबल आहे आणि त्यावर चारी कोपऱ्यांना वजनं ठेवून पसरलेला छापील नकाशा: जेम्स रेनेलचा हिंदुस्थान, पहिली छपाई १७८२. आधी कोपऱ्यातलं चित्र बघा. ब्रिटानिया उभी आहे आणि ब्राह्मण तिच्या हाती पोथ्या देताहेत. नकाशा बघायच्या आधीच तो कोणासाठी काढलाय हे कळतं. आता बोट पुण्यावर ठेवा. सह्याद्री म्हणजे अंगावर केस असलेल्या सुरवंटांची एक रांग आहे. मोठ्या वाटांवर गावांची नावं दाट लागलीत. वाट सोडून बोट आत न्या, नावं विरळ होत जातात.

याचं कारण रेनेलच्या कामाच्या रीतीत आहे. १७६७ ते १७७७ तो बंगालचा सर्व्हेअर जनरल होता. बंगाल त्यानं स्वतः मोजला, दख्खनेत मात्र पाऊल टाकलं नाही. लंडनमध्ये बसून त्यानं फौजांचे मुक्काम, वकिलांच्या दैनंदिन्या, जहाजांच्या नोंदी, प्रवाशांची टिपणं गोळा केली आणि ती एकमेकांना जोडत गेला. एकाच गावाची दोन अंतरं आली की कोणाचं खरं मानायचं, याचा खल त्यानं नकाशासोबतच्या ग्रंथात पानंच्या पानं केलाय. नकाशाच्या शौकिनानं खरं तर तो ग्रंथ वाचावा. नकाशा उत्तर सांगतो, ग्रंथात भांडण आहे.

त्या टिपणांतली काही, नंतरच्या आवृत्तीत आलेली, मॅलेटच्याच प्रवासाची आहेत. १७८५ मध्ये महादजींना भेटायला मॅलेट सुरतेहून उज्जैन, ग्वाल्हेरवरून आग्र्याकडे गेला, तेव्हा चार्ल्स रेनॉल्ड्स नावाचा तरुण लेफ्टनंट मोजणीसाठी बरोबर होता. त्याची हत्यारं बघून घ्या. एक दांड्याचं चाक: परीघ ठाऊक, किती फेरे झाले ते चकतीवर उमटतं. मदतनीस ते ढकलत चालतो. वाट वळली की होकायंत्र काढून नवी दिशा लिहायची. डाव्या-उजव्या हाताचे डोंगर, नद्या, देवळांचे कळस यांच्याही दिशा घ्यायच्या. रात्री आकाश निरभ्र असेल तर ताऱ्याची उंची मोजायची, त्यातून अक्षांश मिळतो. रेखांश सर्वांत चिवट. गुरूचे चंद्र ग्रहणात शिरताना वेळ टिपायची आणि पुढे युरोपातल्या नोंदीशी ताडून बघायची. चाक ढकलून बघा एकदा. वाट नागमोडी असते, घाटात चढते-उतरते, त्यामुळे चाकाचं अंतर खऱ्या अंतरापेक्षा नेहमी जास्तच भरतं. किती कापायचं हा ज्याचा त्याचा अंदाज. जे आकडे आपण शास्त्र म्हणून वाचतो त्यांत एवढी अटकळ मुरलेली आहे.

रेनेलनं गुजरातसाठी आधार घेतलेला एक हस्तलिखित नकाशा सदानंद नावाच्या खंबायतच्या ब्राह्मणाचा आहे. रेनेलनं त्याच्या बुद्धीची तोंड भरून तारीफ केलीय. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता मुठा उतरून शहरात. धोतर वर खोचा, पाणी गुडघ्यापर्यंत आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत गेलात की कुठेतरी एका फडावर नकाशाचं काम चाललेलं दिसेल. कारकून सतरंजीवर बसलाय, पुढ्यात जुन्नरी कागद, एकाला एक चिकटवून वाढवलेले. बोरू, काजळाची शाई, ओली अक्षरं टिपायला वाळू. नकाशा जमिनीवर पसरलेला आहे आणि तुम्ही सवयीनं त्याच्या खालच्या बाजूला उभे राहता. चुकलात. याला खालची बाजूच नाही. काही मोडी अक्षरं तुमच्याकडे तोंड करून आहेत, काही समोरच्याकडे, काही आडवी. कागद मध्ये ठेवून चौघांनी चार बाजूंनी बसायचं आणि आपापल्या बाजूचं वाचायचं. पूर्व, पश्चिम अशी नावं कडेला लिहिलीत, पण उत्तर वर हवीच असा हट्ट कोणाचा नाही.

किल्ला बघा. घारीनं पाहिल्यासारखी जमिनीची रेघ काढून तो मोकळा झालेला नाही. डोंगर उभा काढलाय, वर तट, बुरूज, दरवाजा कोणत्या अंगाला ते स्पष्ट, पायथ्याला माची, शेजारी टाकं. घाट म्हणजे डोंगरातून चढणारी वाट, नाक्याच्या जागेसकट. नदी निळी, तिचा उतार कुठे ते वेगळं दाखवलेलं. तुम्ही विसाव्या-एकविसाव्या शतकातून आलात, म्हणून विचारता, "यात प्रमाण काय धरलंय?"

"प्रमाण कसलं?" कारकून मान वर न करता म्हणतो. "कोस शेजारी लिहिलेत की."

आणि लिहिलेत खरंच. कागदावर दोन गावं वीतभर अंतरावर असतील आणि दुसरी दोन चार बोटांवर. दोन्हीकडे कोस सारखेच. त्याला ते खुपत नाही. फौज निघाली की तिला विचारायचं असतं: पुढच्या मजलेला पाणी आहे का, वैरण मिळेल का, घाटात तोफेचा गाडा चढेल का, किल्लेदार कोणाचा. या प्रश्नांची उत्तरं या कागदावर आहेत, रेनेलच्या नकाशावर नाहीत. पुण्यातल्या जुन्या संग्रहांत मराठी नकाशे ज्यांनी पाहिलेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. "प्राथमिक अवस्थेतले नकाशे" असं एखादा अभ्यासक लिहून जातो तेव्हा मला त्याला एकदा या कागदाच्या आधारानं सह्याद्री उतरायला लावावंसं वाटतं.

वाड्यातच, थोडं पुढे, स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सची चित्रशाळा आहे. तो १७९१ मध्ये हिंदुस्थानात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्याचं प्रसिद्ध चित्र यंदाचंच. त्याच्याजवळ शिकणारा पुण्याचा माणूस, गंगाराम चिंतामण तांबट, आत बसला असेल तर बोलत बसू नका, हात बघा. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं काढलाय. लेण्यांची चित्रं तो मॅलेटसाठी काढतो. नव्या रीतीचं, दूरचं लहान आणि जवळचं मोठं दाखवणारं चित्र पुण्याच्या माणसाच्या हाताला काही वर्षांत बसलं. शिकायला अडचण नव्हती, एवढं इथे नोंदवून ठेवू.

आता ज्यासाठी तुम्हाला आणलं ती गाठ. वाड्याच्या बाहेर, दोन आळ्या टाकून, एका जोशीबुवांची ओसरी. पुढ्यात पाटी आणि धूळ; ते धुळाक्षरांतच गणित करतात. तुम्ही सहज विचारा: "बुवा, पुण्याची पलभा किती?"

"चार अंगुळं."

विषुवाच्या दिवशी, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते तेव्हा, ऐन मध्यान्ही बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा. त्याची सावली पुण्यात चार अंगुळं पडते. बाराला चार: हा कोन आजच्या हिशेबानं साडेअठरा अंशांच्या जवळ येतो, आणि पुण्याचा अक्षांश साडेअठराच आहे. या चारातूनच बुवा चरखंडं, म्हणजे दिवसमान काढायचे तीन आकडे, काढतात: दहांनी गुणून ४०, आठांनी गुणून ३२, दहांनी गुणून तिनांनी भागून १३. त्यावरून कोणत्या महिन्यात पुण्याचा दिवस किती घटका-पळांचा, हे ओसरीवर बसल्या बसल्या सांगतात. मग विचारा, "आणि उज्जनीहून आपण किती अलीकडे?" आपल्या ज्योतिषाची मध्यरेषा लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र, मेरू अशी जाते. पुणे तिच्या पश्चिमेला जवळजवळ दोन अंश, म्हणजे वेळेत सुमारे १९ पळं. आपली पावणेआठ मिनिटं म्हणा. एवढा देशांतराचा फरक काढल्याशिवाय पुण्याचं पंचांग पुण्याला लागू पडत नाही.

म्हणजे अक्षांश बुवांना पाठ आहे आणि रेखांशही.

पृथ्वी गोल आहे का, हे त्यांना विचारून त्यांचा वेळ घेऊ नका. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायात तिचा परीघ ४९६७ योजनं दिलाय, आणि तो ग्रंथ ११५० चा. त्याच आळीत पुराणिकबुवा संध्याकाळी मेरूभोवतीची सात द्वीपं आणि सात समुद्र सांगतात, तेही ऐकायला जोशीबुवा जातात. भांडण होत नाही. ही दोन्ही एकाच वस्तूत बसवलेली बघायची असतील तर ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहासाच्या संग्रहालयात १५७१ चा एक पितळी भूगोल आहे, क्षेमकर्णाच्या नावचा. आकार सिद्धान्ताचा, गोल. वर कोरलेली द्वीपं पुराणांतली. मधोमध उघडतो, डब्यासारखा. जुन्या गोलांच्या संग्राहकाला एकच भारतीय वस्तू बघायची मुभा दिली तर त्यानं ही बघावी.

आता ओसरीवर टेकून जरा हिशेब करा. सकाळपासून तुम्ही काय काय पाहिलंत? फडावर ज्याला प्रत्येक घाटाचं पाणी ठाऊक आहे असा कारकून. दोन आळ्या पलीकडे ज्याला गावाचा अक्षांश आणि देशांतर तोंडपाठ आहे असा जोशी. चित्रशाळेत ज्याचा हात नव्या रीतीला सरावला आहे असा चित्रकार. तिघं एका सतरंजीवर बसले असते तर सह्याद्रीचा नकाशा लंडनमध्ये अंदाजानं काढायची वेळ आली नसती. ते बसल्याचं दिसत नाही. अंश पंचांगात राहिले, घाट दप्तरात राहिले. ज्ञान नव्हतं असं म्हणणं खोटं आहे, आणि सगळं आपल्याकडे होतंच असं म्हणून छाती फुगवणं त्याहून खोटं. जोडणी नव्हती. खंबायतच्या सदानंदानं गुजरात कागदावर उतरवला, तो कागद कामी आणला रेनेलनं. नाना फडणवीसांकडे हिंदुस्थानभरच्या बातम्या दररोज येत, त्यांच्या बातमीपत्रांनी पुढे खंडच्या खंड भरले. पण त्या बातम्यांखाली ठेवायला मोजून काढलेला एक कागद हवा, असं दरबाराला वाटलं नाही. रेनॉल्ड्स पुढे मुंबई इलाख्याचा सर्व्हेअर जनरल झाला आणि त्यानं मोजण्या जोडत हिंदुस्थानचा प्रचंड नकाशा रचला. माझ्या मते पेशवाईचा हिशेब खर्ड्याच्या लढाईच्या मैदानावर मांडण्यापेक्षा मॅलेटच्या टेबलावर मांडावा.

पुढची वर्षं भरभर उलटा. १७९५: ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्याच्या कारंज्यावर पडून गेले, त्याच वर्षी वेल्सही गेला. १७९७: मॅलेटनं पुणं सोडलं. वेल्स आणि गंगाराम यांची चित्रं परदेशी गेली, त्यांतली बरीचशी आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. १८००: मार्चमध्ये नाना गेले.

इथे एक वळसा घेऊ या, दक्षिणेकडे. तंजावरात, मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या एका दरबारात, सरफोजी दुसरे १७९८ मध्ये गादीवर बसलेत. त्यांनी नकाशे आणि अ‍ॅटलास जमवले, ते सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. पण या राजानं नुसतं जमवलं नाही. 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक लिहिलं. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राणीला जगाचा भूगोल गाऊन सांगते: युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. पुण्यात नवा भूगोल आणि आपली परंपरा एका ओसरीवर आली नाहीत, ती तंजावरच्या रंगभूमीवर आली, तीही मराठीत. आपल्याकडच्या शाळांनी हे नाटक बसवावं, असं मला वाटतं.

मागे फिरा. ५ नोव्हेंबर १८१७, संगम. खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई जुंपलीय आणि रेसिडेन्सी, म्हणजे तेच वकिलाचे बंगले, पेटलीय. रेसिडेंट एल्फिन्स्टन मुळा ओलांडून निसटला, त्याची पुस्तकं आणि कागद आगीत गेले. जवळ जाऊ नका, धग लागते. मॅलेटच्या टेबलाची काय वाट लागली असेल ती कल्पना तुम्हीच करा.

शेवटचा मुक्काम १८३५, इंदापूर. ऊन आहे, डोक्यावर उपरणं घ्या. गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या दोघा अधिकाऱ्यांनी इथून जमिनीच्या साऱ्याच्या नव्या बंदोबस्ताला सुरुवात केलीय, तीच रीत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेताच्या बांधावर साखळी ताणलेली आहे. ती ३३ फुटांची, तिचे भाग १६, आणि प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. असे ४० म्हणजे एकर. तुमच्या सोसायटीतले लोक आज ज्या गुंठ्याच्या भावावरून वाद घालतात तो या साखळीचा चौरस आहे. साखळी हातात घ्या. दोन माणसं दोन टोकांना, मधे झोल पडू द्यायचा नाही. शेताच्या पोटातून सरळ रेघ धरायची, कडेच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात अंतर मोजायचं आणि आकडे टिपणात लिहायचे. टिपण म्हणजे कच्चा कागद. त्यावरचे आकडे साखळी-आण्यांत. बांधावर उभा राहून शेतकरी बघतोय. आपली जमीन कागदावर मोजून काढलेली बहुतेक मराठी घरांनी पहिल्यांदा पाहिली ती अशी, सारा ठरवण्यासाठी. नकाशाबद्दलचा आपला जुना धसका इथला आहे. तो अजून गेलेला नाही. मोजणीचा माणूस गावात येणार म्हटलं की भावाभावांची तोंडं आजही उतरतात.

आता परत या, सदाशिव पेठेत. भारत इतिहास संशोधक मंडळ, स्थापना ७ जुलै १९१०, संस्थापक वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे. राजवाडे गावोगाव पायपीट करत वाड्यांच्या माळ्यांवरून कागद काढत हिंडले. रद्दीत चाललेले कागदांचे रुमाल त्यांच्यासारख्यांमुळे वाचले. तिकडे पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून ४५ खंड काढले, तरी न वाचलेलं उरलंय ते कितीतरी पट. अशा ठिकाणी कागद नेणारा माणूस लागतो, आणि तो माणूस बहुधा तुमच्याच घरातला असतो.

म्हणून जाण्याआधी एवढं करा. माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या फायलीत शोधा. फाळणी नकाशा, टिपण, इनामाच्या सनदेसोबतचा हातानं काढलेला कागद, देवस्थानच्या जमिनीचा जुना आराखडा, शाळेच्या लिलावात घेतलेला पोचे पडलेला पृथ्वीचा गोल, काहीही निघेल. ज्या घडीवर कागद चिरलाय ती घडी पुन्हा घालू नका. सेलोटेप लावू नका. लॅमिनेट तर मुळीच करू नका, ते परत निघत नाही. कडक उन्हात वाळत घालू नका. सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो घ्या, मागची बाजूही घ्या, आणि कागद कोणाकडून आला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. मोडीत काही असेल तर वाचून घ्या. मोडी वाचणारी माणसं पुण्यात आहेत, मोडीचे वर्गही चालतात. विकायचा असेल तर विका, तुमचा कागद आहे. पण विकण्याआधी एक प्रत मंडळात किंवा पुरालेखागारात पोचू द्या.